दहापैकी दहा

सोमवारी सकाळी घाटकोपरच्या भटवाडीत लता डबा भरत होती. मुलुंडच्या एका लिफ्ट-कारखान्यात कंत्राटी फिटर असलेला तिचा नवरा धोंडिराम खाटेवर बसून छाती चोळत होता.

"अहो, आज कार्डावर चार लिहा. दुखतंय तरी दहा कसले?"

"चार लिहिले की नाव कटलंच समज. यंदा परमनंटची लिस्ट लागतेय."

"अकरा वर्षं लागतेच आहे ना!"

त्या कारखान्यात दर सोमवारी प्रत्येक कामगाराने स्वतःची उमेद, आत्मविश्वास, चिकाटी आणि आशावाद यांना मिळून दहापैकी गुण द्यावेत, अशी प्रथा होती. कायम कामगार सहावर थांबत. कारण दहावाल्यांच्या गळ्यात आपल्या पाळीला जोडून दुसरी पाळीही पडे. कंत्राटी मात्र दहाच लिहीत. कारखान्यात पोचल्यावर धोंडिरामनेही दहाच लिहिले.

"काय धोंडू, आज पण दहा?" कायम नोकरीतला सहदेव हसला. "साहेब तुला मखरात बसवणार बघ!"

"बसवू दे रे. आधी कायम तरी करू दे."

त्याला दुसरी पाळी मिळाली. दुपारी चारला मोटर उचलताना तो कोसळला आणि रुग्णालयात पोचण्यापूर्वीच गेला.

पुढच्या सोमवारी मनुष्यबळ अधिकारी सुहासिनी कार्डे तपासत होत्या. वार्षिक अहवालाचा निष्कर्ष तयार होता : ज्याची उमेद अधिक, त्याची कामावरील निष्ठा अधिक, तो नोकरी सोडत नाही. इतक्यात धोंडिरामचे कार्ड हाती आले. तारीख आजची. गुण दहा.

त्यांनी पर्यवेक्षक केयूरला बोलावले.

"हे कोणी भरलं?"

"मीच, मॅडम. गैरहजर कंत्राटींचे मीच भरतो. दहाच असतात ना त्यांचे! सवयीने झालं. खोडतो."

"खोडू नका."

व्यवस्थापक नंदकुमार यांनी अहवाल पुढे सरकवला. "आकडे बरोबर आहेत ना? मग सही करा."

"बेरीज बरोबर आहे, सर; गैरहजरांचे दहा मात्र पर्यवेक्षकच भरतात. आणि ज्याला दुसरं दारच नाही, तो सोडून जाणार कुठे? त्याला आपण निष्ठा म्हणतोय. मी सही करणार नाही."

संध्याकाळी त्या ते कार्ड घेऊन भटवाडीत गेल्या. लताने उभ्या उभ्याच विचारले, "मॅडम, लिस्ट लागली का?"

"नाही लागली. उद्या माझ्याबरोबर तक्रार द्यायला कामगार आयुक्तांच्या ऑफिसात याल?"

लताने कार्ड हातात घेतले. दहाच्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

"हे अक्षर त्यांचं नाही," ती म्हणाली. "येते मी उद्या."