चार माणसांची शेगडी

अंजना कुरणे बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, राजारामपुरीत जोतीरामचं कोरियन हॉटेल नवंच होतं. जोतीराम अकरा वर्षं लिबियात एका कोरियन कंपनीच्या कॅम्पवर आचारी होता. परतला तो तिथली रीत घेऊनच. प्रत्येक टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर जाड लोखंडी तवा, आणि मसाल्यात मुरवलेलं कच्चं मटण ताटात. भाजायचं आपण, खायचंही तिथल्या तिथं. कोल्हापूरकरांनी आधी नावं ठेवली. "हॉटेलात येऊन आपणच रांधायचं व्हय?" मग दोन महिन्यांत रविवारी दुपारी बाहेर खुर्च्या टाकून लोक नंबराची वाट बघायला लागले.

निरोपाचं जेवण तिथं ठरवलं ते शाळेत संगणक शिकवणाऱ्या धवल सरांनी. बारा शिक्षक, तीन टेबलं. कुरणे बाईंच्या शेगडीला धवल सर, खेळाच्या रूपाली बाई आणि मराठीच्या मीनाक्षी केळकर बाई.

केळकर बाई शेजारच्याच खुर्चीवर बसल्या तेव्हा अंजनाबाईंना नवल वाटलं नाही. शिक्षक-खोलीतही बावीस वर्षं दोघी शेजारी बसत. मधल्या सुट्टीत डबे उघडले की केळकर बाई सगळ्यांचं चाखत. कुणाचा झुणका, कुणाची मेथी. अंजनाबाईंचा डबा पुढं आला की मात्र त्यांची चतुर्थी असे, नाहीतर गुरुवार, नाहीतर पोट बरं नसे. पहिल्या वर्षी अंजनाबाईंनी दोनदा भरली वांगी पुढं केली. तिसऱ्यांदा केली नाहीत.

केळकर बाई वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. पण यजमान भाऊसो दवाखान्यात होते तेव्हा महिनाभर अंजनाबाईंचे विज्ञानाचे तास केळकर बाईंनीच सांभाळले होते. रोज संध्याकाळी दवाखान्यात येऊन त्या बाकावर बसत. फक्त अंजनाबाईंनी थर्मासमधला चहा पुढं केला की म्हणत, "आत्ताच घेतला हो."

हॉटेलात धूर, हशा आणि तव्यांचा चरचराट नुसता भरून राहिला होता. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी ओरडलं, "कात्रीनं मटण कापायचं? शिंप्याकडं आलोय काय!" धवल सरांनी मटणाचे तुकडे भाजून हिरव्या पानांत गुंडाळून वाटले. केळकर बाई शाकाहारी. त्यांच्यापुढं भात आणि कोबीचं आंबवलेलं लोणचं होतं. तेच त्या चिवडत होत्या.

"बाई, मशरूम, रताळं, कांदा आहे की," रूपाली बाई म्हणाल्या. "तेही भाजतात."

"नको गं. ह्याच तव्यावर मटण झालंय."

हे खरंच होतं. पण अंजनाबाईंच्या मनात काहीतरी हललं. बावीस वर्षांत पहिल्यांदा केळकर बाईंनी दिलेलं कारण खरं होतं, आणि तरीही ते त्यांना खरं वाटेना. मटण नसतं तर? हे एकदा कळायलाच हवं, असं त्यांना वाटलं. उद्यापासून विचारायला जागा उरणार नव्हती.

त्यांनी हात वर केला. जोतीराम स्वतःच आला.

"तवा बदलून मिळंल काय? कोरा पायजे. मटण न लागलेला."

"मिळंल की, बाई. आत्ता आणतो." त्यानं चिमट्यानं तापलेला तवा उचलला आणि नवा ठेवला. "हात सांभाळा, पावणं."

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी त्यांच्या टेबलाचा फोटो काढायला हाक मारली म्हणून धवल सर आणि रूपाली बाई तिकडं गेले. शेगडीपाशी दोघीच राहिल्या.

अंजनाबाईंनी नवा चिमटा घेतला. मशरूम मांडली, रताळ्याच्या चकत्या मांडल्या, वर तेल सोडलं. केळकर बाई बघत होत्या. आता तव्यावर मटण नव्हतं. होता तो फक्त अंजनाबाईंचा हात.

भाजलेलं रताळं त्यांनी केळकर बाईंच्या ताटलीत ठेवलं.

"आज चतुर्थी न्हाय ना, बाई?"

शाळेतल्या माणसांशी त्या घरची बोली कधी बोलत नसत. आज ती आपोआप तोंडात आली.

केळकर बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी चकती उचलली, गरम होती तरी तशीच तोंडात घातली. डोळ्यांत पाणी आलं ते चटक्यानं की कशानं, सांगता आलं नसतं.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"पहिल्या वर्षापासनं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"मी काय बोलायचं? माझं खावा म्हणून भीक मागायची?"

"सासूबाई जातपात पाळायच्या. त्या होत्या तोवर वाटायचं, त्यांना कळलं तर. त्या जाऊन बारा वर्षं झाली." केळकर बाईंचा आवाज अगदी खाली आला होता. "नंतर सवयच झाली. आणि मग लाज. एकदम एके दिवशी कसं खायचं? तुम्ही विचारलं असतं, आजच का, तर काय सांगणार होते? मला माफ करा, कुरणे बाई."

अंजनाबाईंना वाटलं होतं, हे शब्द कधी ऐकले तर बरं वाटेल. तसं झालं नाही. उलट इतकी वर्षं दाबून ठेवलेला राग आता कुठं वर आला. ते सगळे नकार अंगावर घेऊन त्या रोज हसत शेजारी बसल्या होत्या.

"तुमचं मन हलकं झालं, बाई," त्या म्हणाल्या. "माझं व्हायला वेळ लागंल."

"मी एकदा तुमच्या घरी येऊ?"

"मी सांगते."

फोटो काढून दोघं परतले. धवल सर म्हणाले, "अरे वा, केळकर बाई जेवायला लागल्या!" अंजनाबाई भाजत राहिल्या, केळकर बाई खात राहिल्या.

चार महिने गेले. हातकणंगल्याच्या घरी अंजनाबाईंनी पुस्तकं लावली, परसात भेंडी लावली. अधूनमधून त्या फोनकडं बघत. एकदा भाऊसो म्हणाले, "बोलवायची नसंल तर नको बोलवूस. पर रोज तेच घेऊन बसू नगंस."

त्यानंतर कधीतरी त्यांनी फोन लावला. "रविवारी या. जेवायलाच या."

केळकर बाई सकाळच्या गाडीनं आल्या. आमटी, भाकरी आणि भेंडीची भाजी होती. बोलणं फारसं झालं नाही. शाळेच्या दोन गोष्टी निघाल्या, भाऊसोंनी पावसाचं काढलं. केळकर बाईंनी आमटी दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा अंजनाबाईंना बरं वाटलं आणि आपल्याला बरं वाटतंय याचा थोडा रागही आला.

जेवण झाल्यावर केळकर बाई सगळ्यांची उष्टी ताटं गोळा करून मोरीकडं निघाल्या. "राहू द्या," असं अंजनाबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही.