हेडफोनमधली आई

"शाळा सोडलीस ना, आता माझ्याशी बोलू नकोस," आई म्हणाली.

"नाही बोलत जा," म्हणत मी दार आपटलं आणि तडक गोदामात गेलो. नोकरीचा पहिला दिवस होता. आधी कॉम्प्युटरवर आगीपासून बचावाचा कोर्स करायचा होता. हेडफोन लावला तर आत आईच. कंपन्यांच्या असल्या कोर्सना ती आवाज देते.

माझं पहिलंच उत्तर चुकलं. "हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करा," ती म्हणाली. चक्क अहो-जाहो, तेही इतक्या मायेनं. मग मी मुद्दाम चुकत राहिलो.

सुपरवायझर मागून म्हणाला, "काय रे, आग विझवणारेस की लावणारेस?"

मग गपचूप बरोबर उत्तरं दिली. पास झालो. हे आईला घरी जाऊनच सांगायचंय. निघतो आता.