सोजरबाईची हळद आणि माझा जोड

मित्रांनो, मी केनवडची एक जुनी सायकल. हसू नका, पण मी पहिल्यापासूनच भित्री. विलायतेहून खोक्यात बंद होऊन बोटीने आले, तेव्हा काळजात जी धडधड बसली ती आजवर गेली नाही. माझे मालक दौलतराव. त्यांची आई सोजरबाई पंचक्रोशीतली सुईण. कुणाचे दिवस भरले की ती दौलतरावांच्या मागे माझ्यावर बसून निघायची. "सोजरबाईची सायकल आली, आता भेव नाही," असं लोक म्हणत. मी मात्र दगडादगडाला थरथरायची.

एकदा नाल्याच्या उतारावर मी आदळले आणि पुढचं चाक धरणारा चिमटा हँडलच्या दांडीतून निखळला. माणसाचा हात निखळल्यावर सोजरबाई जे करायची, तेच तिने केलं. जोडात गरम तेल-हळद ओतली, वर फडकं बांधलं. "लई दुखलं असन वं माय तुले," म्हणाली. किती ती माया! अगं बाई, पण मी लोखंडाची ना!

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या बैलगाडीत घालून मायलेकांनी मला रिसोडला इस्माईल मिस्त्रींकडे आणलं. गाडी पुढे निघून गेली. मिस्त्रींनी जोड वरून पुसला, कानशीने घासला, टाकणखार आणि पितळेचा चुरा लावून मला भट्टीत धरलं. पितळ वितळून फटीत उतरलं की दोन लोखंडं एक होतात. पण तेलकट जागेला पितळ धरत नाही, आणि आतलं तेल कुणाला दिसणार? मी लालबुंद झाले. भीतीने अर्धी मेले.

मला बाहेर काढलं, तेवढ्यात रिठदहून आम्हाला शोधत माणूस धावत आला. तिथे सासरी सोजरबाईची लेक पंचफुला बाळंतपणात अडली होती.

"चाल माय, बस मांगं! जोड तं पक्का दिसून राह्यला," दौलतराव म्हणाले.

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. वाटेत पुन्हा तसाच उतार होता. तिथे मी मोडले तर हे दोघं जातील, आणि मग पंचफुलाजवळ कोण?

मिस्त्रींनी जोडाजवळ वाकून हुंगलं. "ठहरा भाऊ. जोडातून हळदीचा वास काहून येऊन राह्यला?"

सोजरबाईचा चेहरा उतरला. "म्याच ओतली रे बाप्पा. जखम समजून."

"मंग आत पितळ धरलं नसन. रस्त्यात मान मोडन इची. पुन्हा करा लागते."

"माही लेक मरून राह्यली तिकडं!"

"म्हनूनच तं म्हन्तो, माय."

त्यांनी जोड तापवून उकलला, सोड्याच्या पाण्याने आतून धुतला, चकचकीत घासला. "आता कोनी बोट लावू नका!" सोजरबाईने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. ती रडत होती. पुन्हा तीच आग! भय तर होतंच, पण या खेपेला मीच मनात म्हणत होते, भाजा मला, नीट भाजा. गरम भाकरीवर तूप पसरावं तसं पितळ सगळीकडून आत गेलं.

मायलेक बसले, आणि रिठदच्या वाटेवरचा तो उतार आला. आता मोडते, मग मोडते, असं वाटत मी सुसाट खाली गेले. जोड टिकला. सोजरबाई धावतच पंचफुलाच्या घरात शिरली. बऱ्याच वेळाने आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा दौलतराव अंगणात उभे राहून माझी घंटी वाजवत सुटले.

बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पाचवीला सोजरबाई हळदीची वाटी घेऊन माझ्याकडे आली. धस्स झालं! बोट जोडापाशी आलं, थबकलं. मग ते तिने सीटकडे नेलं.

"इथं लावली तं चालन ना वं, माय?" तिने मलाच विचारलं.

मित्रांनो, मोडलेल्या वस्तूवर माया जरूर करा. पण आधी तिच्या जाणकाराला विचारा. आम्हाला भीती वाटते हो, आणि ती सांगायला तोंड नसतं.