उपडा पेला

मित्रांनो, मी पाणी प्यायच्या कामाचा राहिलो नाही, तिथून माझी खरी गोष्ट सुरू होते. मी एक जुना काचेचा पेला आहे. भट्टीतून निघालो तेव्हा आम्ही सहा भावंडं होतो. पाच जण एकेक करून फुटले. माझ्या काठाचा टवका उडाला, म्हणून मला कोणी तोंडाला लावेना. तेव्हा आमच्या शिंपीकाकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला भुंगे धरायच्या कामाला लावलं.

मोठा भुंगा घरात शिरला, की काका हातातली कात्री टाकून टेबलाखाली शिरायचे. काकू मात्र मला त्याच्यावर अलगद उपडा घालायच्या आणि खालून पुठ्ठा सरकवायच्या.

“अहो, बाहेर या. बघा तरी! पोट केसाळ असतं तर हा दुसरा कोणी असता. याचं पोट तुमच्या लग्नातल्या बुटासारखं चकचकीत आहे. हा सुतार भुंगा. लाकूड पोखरून घर करतो.”

“दिसला मला,” काका टेबलाखालून म्हणायचे. “घालव त्याला.”

सूर्यफुलावर हा भुंगा रीतसर समोरून उतरतो आणि परागांनी माखून निघतो. पण पिवळ्या घंटीफुलाची नळी लांब, त्यात हे धूड मावत नाही. मग तो देठापाशी चीर पाडून बाहेरूनच मध पितो. काकू त्याला ‘मागच्या दाराचा पाहुणा’ म्हणायच्या. बघून झालं की दहा मिनिटांत त्याची सुटका. “माझा पेला गुणाचा आहे,” असं म्हणून त्या मला पुसून ठेवायच्या.

एका सकाळी काकूंनी खिडकीत असाच एक भुंगा धरला. “धुणं वाळत घालून येते. दहा मिनिटांत आले नाही, तर तुम्ही सोडा हं,” असं म्हणून त्या अंगणात गेल्या आणि तिथेच कोसळल्या. काका धावले, शेजारी धावले, गाडी आली.

आठ दिवसांनी काका एकटेच परतले. भुंगा दुसऱ्याच दिवशी थंड झाला होता. तो काचेवर आपटत होता तोवर मी मोजत होतो. मग मोजणं थांबलं. खरं सांगतो, मला काहीच वाटेना. दुःखसुद्धा नाही.

काकांचंही तसंच असावं. ते जेवायचे, मशीनवर बसायचे आणि दोरा न ओवताच पाय हलवत राहायचे. खिडकी पुसताना माझ्याभोवतीने फडकं फिरवायचे. मला मात्र उचलत नव्हते. धुळीने माझी काच आंधळी झाली.

काही महिन्यांनी काकांची धाकटी बहीण आली. तिने आवरायला घेतलं.

“दादा, यात मेलेला भुंगा आहे. टाकू का?”

“राहू दे.”

“अरे, पण किती दिवस?”

“दहा मिनिटांचं काम सांगितलं होतं तिने,” काका म्हणाले. “तेवढंही झालं नाही माझ्याकडून.”

तेवढ्यात एक भुंगा आत घुसला आणि तावदानावर धडाधड आपटू लागला. बहिणीने झाडू उगारला.

“थांब, मारू नकोस!” काका ओरडले आणि पेला आणायला धावले. स्वयंपाकघरात सगळे पेले स्टीलचे, आतला भुंगा दिसणार कसा? ते परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी मला उचललं. जुना भुंगा खिडकीतच राहिला, टरफलासारखा हलका.

त्यांनी मला सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि नव्या भुंग्यावर घातलं. जन्मभर टेबलाखाली लपलेले काका माझ्या काचेला नाक लावून बघत होते.

“पोट चकचकीत,” ते पुटपुटले. “सुतार भुंगा.”

बागेत घंटीफुलाजवळ त्यांनी पुठ्ठा काढला. भुंगा थेट देठापाशी गेला.

“मागच्या दारानेच गेला गं,” काका बहिणीकडे न बघताच म्हणाले, आणि पायरीवर बसून पहिल्यांदाच ओक्साबोक्शी रडले.

मित्रांनो, मी अजून थोडा बधिरच आहे. पण आता खिडकीत सुलटा असतो. तुम्हीही पेला घालून भुंगे जरूर बघा. फक्त तो उचलायला विसरू नका. आणि विसरलातच, तर उशिरा का होईना, उचला.