दुकान खाली, प्रिंटर वर

चार महिने खोक्यात पडून असलेला प्रिंटर चष्मेवाल्यांच्या सूनबाईनं बाहेर काढला, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. अर्ज चारच्या आत पोचवायचा होता, तोही कागदावर, शाईच्या सहीनिशी. डोळ्यांच्या एका मोठ्या रुग्णालयाला चष्मे बनवायच्या विभागासाठी प्रमुख हवी होती. ही जागा आपल्यासाठीच आहे असं तिला आठ दिवस वाटत होतं आणि आठही दिवस तिनं सासऱ्यांपुढे अवाक्षर काढलं नव्हतं.

बोलणार तरी कुठल्या तोंडानं? दुकान खाली, घर वर. सासऱ्यांचे हात तीन वर्षांपासून कापत होते, त्यामुळे काचा घासणं, फ्रेममध्ये बसवणं, सगळं हीच करायची. ही गेली की दुकान आटोपलं, हे शेंबडं पोरही सांगेल. नवरा कायम फिरतीवर. त्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "आधी लागू दे नोकरी, मग बघू." म्हणजे हा सुटला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं, तर तो सासऱ्यांचा बुद्धिबळातला भिडू. त्याच्या हाती कागद दिला म्हणजे दवंडीच पिटली. राहता राहिला हा प्रिंटर. जोडीनं घेतले तर स्वस्त पडतात म्हणून नवऱ्यानं दोन उचलले होते, एक खाली दुकानात बिलांसाठी, दुसरा वर लेकीच्या शाळेसाठी. दोन्हींत तसूभरही फरक नव्हता.

चालू केल्या केल्या प्रिंटरनं वायफायचा पासवर्ड मागितला. तो चिकटवलेला होता राउटरच्या खालच्या बाजूला, आणि राउटर होता दुकानात, सासऱ्यांच्या डोक्यावरच्या फळीवर. घ्या! सूनबाई फडकं घेऊन खाली गेली आणि स्टुलावर चढली.

"भर दुपारी धूळ पुसायची हुक्की कशी आली?" सासऱ्यांनी विचारलं.

"दिसली म्हणून," ती म्हणाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. बाबा आपल्या पाठीकडेच टक लावून बघतायत असं तिला वाटत होतं. ते बिचारे वर्तमानपत्र वाचत होते. तिनं घाईघाईनं पासवर्ड तळहातावर उतरवला आणि खरंच थोडी धूळ पुसून वर पळाली.

प्रिंटरचा पडदा काडेपेटीएवढा. एकेक अक्षर बाणाची बटणं दाबत शोधायचं. पहिल्यांदा भरलं, जोडणी झाली नाही. दुसऱ्यांदा भरलं, तेच. घामानं तळहातावरची शाई पसरायला लागली होती आणि घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. रिक्षानं जायचं म्हटलं तरी वीस मिनिटं मोडणार. तिसऱ्यांदा तिनं प्रत्येक अक्षर पुटपुटत भरलं. निळा दिवा लुकलुकत राहिला. तिनं फोन बघितला, तर तिथं प्रिंटरचं नाव आलेलं, अगदी खोक्यावर होतं तेच, आणि पुढे लिहिलेलं, तयार. तिच्या जिवात जीव आला.

तिनं फोनवर टाईप केलेला अर्ज उघडून छपाईचं बटण दाबलं. फोन म्हणाला, छपाई सुरू. मशीन गप्प. तिनं पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. कागद काढून परत घातले, झाकण उघडून मिटलं.

"चाल की गं बाई," ती मशीनला म्हणाली.

तेवढ्यात खालून करकर ऐकू आली. क्षणभर तिला अर्थच लागला नाही. मग लागला. वरचा प्रिंटर अजून कशालाच जोडला गेला नव्हता. फोननं धरला होता तो खालचा. ती धावतच जिना उतरली.

सासऱ्यांच्या हातात तिन्ही कागद होते. ते शेवटच्या ओळीपर्यंत पोचले होते.

"तीन प्रती कशाला?"

"चुकून आल्या. बाबा, मी सांगणारच होते."

"कधी?"

सासऱ्यांनी कागद काउंटरवर ठेवला आणि खाली एका ओळीवर बोट टेकवलं.

"इथं लिहिलंयस, अनुभवाचा दाखला मागाहून सादर करीन. मागाहून कुणाकडून आणणार होतीस?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुमच्याकडे मागायची हिंमत झाली नाही, बाबा. दुकानाचं काय होईल ते मला माहीत होतं."

ते समोरच्या फळ्यांवरच्या फ्रेमांकडे बघत राहिले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, तीन वीस. दुकानातल्या कॉम्प्युटरपुढची खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली.

"मी हातानं लिहिलं तर कुणाच्या बापाला वाचता येणार नाही. तू टाईप कर, मी सांगतो."

ती बसली. ते मागे उभे राहून सावकाश सांगू लागले, "सदर बाईंनी आमच्या दुकानात अकरा वर्षं काम केलं. त्यांनी बनवलेला एकही चष्मा परत आला नाही."

"दोन आले होते, बाबा."

"ते मी बसवलेले. लिही."

तिनं लिहिलं. तिला पडदा नीट दिसत नव्हता. मागून आवाज यायचा थांबला, म्हणून तिनं वळून पाहिलं.

"त्या गेल्यावर दुकान बंद करावं लागेल," ते म्हणाले, "हे लिहायचं का?"

"नको, बाबा."

"मग नको," सासरे म्हणाले आणि सहीसाठी त्यांनी पेन मागितलं.