शेवटच्या पाच महिन्यांचा उतार

विद्यार्थिनीने दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्या कडा जुळवत बसली. कडा आधीच जुळलेल्या होत्या.

"बोल," मॅडम म्हणाल्या. त्या चष्मा पुसत होत्या. "एवढं नीट मांडतेस म्हणजे काहीतरी बिघडलंय."

"बिघडलंय असं नाही, मॅडम. विचित्र आहे."

खोलीत दोन लोखंडी कपाटं होती आणि दोन्ही प्रश्नावल्यांनी गच्च भरलेली. सांधे आतून झिजत नेणारा, बरा न होणारा आजार असलेले बासष्ट रुग्ण, सलग तीन वर्षं. दर महिन्याला रुग्णालयातल्या समुपदेशनाच्या खोलीत प्रत्येकाशी तासभर बोलायचं, आणि शेवटी सगळ्यांना एकच प्रश्न: शून्य ते दहा, किती दुखतंय? एकतीस जण मॅडमकडे होते, एकतीस त्यांनी तयार केलेल्या एका निवृत्त परिचारिकेकडे. अडीच वर्षं सरासरी सातावर अडून होती. शेवटच्या पाच महिन्यांत ती पाचावर आली, आणि दोन वर्षांपूर्वी अभ्यास तिथेच संपला. बोलण्याने दुखणं हलकं होतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो, एवढाच त्याचा निष्कर्ष होता. तो लिहून शुक्रवारी रुग्णालयाच्या समितीकडे द्यायचा होता. ती खोली पुढे चालू ठेवायची की एक्स-रेच्या जुन्या फायलींना द्यायची, हे समिती त्यावरून ठरवणार होती. मॅडम वर्षअखेर निवृत्त होत होत्या. त्यानंतर खोलीसाठी भांडायला कोणी उरणार नव्हतं.

"मी सहज, कोणी विचारलं त्याप्रमाणे आकडे वेगळे करून बघितले," विद्यार्थिनी म्हणाली. "परिचारिका ताईंचे एकतीस सातावरून साडेसहावर आलेत. तुमचे साडेतीनवर."

"मग मी जास्त चांगली समुपदेशक आहे, असं सरळ लिही ना."

"मोह झाला होता. पण मग आधीची अडीच वर्षं तुम्ही काय करत होतात?"

मॅडम हसल्या. विद्यार्थिनीही हसली, पण तिचं बोट कागदावरच राहिलं.

"हा उतार हळूहळू नाहीये, मॅडम. पायरी आहे. एका महिन्यात सगळेच्या सगळे खाली. एकसुद्धा मागे नाही. माणसं अशी एकदम बरी होत नाहीत. तुमच्या गटाचं औषध बदललं होतं का तेव्हा?"

"कधीपासून म्हणालीस?"

विद्यार्थिनीने महिना सांगितला.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, कागद हातात घेतला आणि खिडकीकडे धरला, जणू मागून काही दिसणार होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "औषध नव्हतं बदललं."

विद्यार्थिनीने घड्याळ पाहिलं. पाळणाघर पाचला बंद होत असे, आणि तिथल्या बाई पाच वाजून दोन मिनिटांनी तिच्या दीड वर्षाच्या मुलीला चपला घालून पायरीवर उभी करत. तिने संगणक पिशवीत सरकवला. आत आधीपासून एक दुधाची बाटली आणि एकच मोजा होता.

"एकत्र सरासरी तशीच ठेवू का?" तिने दारात विचारलं. "कोण विचारतंय त्याप्रमाणे वेगळं करून कोणी बघत नाही. मीही बघितलं नसतं. मुलगी मांडीवर झोपली होती, उठता येत नव्हतं, म्हणून बसले आकड्यांशी खेळत."

"मंगळवारपर्यंत थांब," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा तास होता. विषय मुलाखतीचा. वीस वर्षं त्या हा तास जवळजवळ त्याच वाक्यांनी घेत आल्या होत्या.

"समोरच्याने उत्तर द्यायचं, तुम्हाला खूश करायचं नाही. म्हणून विचारणाऱ्याने भिंत व्हायचं. तुमचा चेहरा हलला की त्याचा आकडा हलतो."

"आणि समोरचा रडायला लागला तर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"तर रुमाल पुढे सरकवायचा. चेहरा नाही."

या वाक्यावर दर वर्षी हशा येई. याही वर्षी आला.

"मॅडम, तुमचा कधीच हलला नाही?"

"हलला असता तर मला कळलं असतं," त्या म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळल्या. खडू हातात घेऊन त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मुलांना वाटलं, त्या आकृती काढायच्या आधी विचार करत आहेत. मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि तास पंधरा मिनिटं आधी सोडला.

मंगळवारी रुग्णालयात समुपदेशनाच्या खोलीबाहेर नेहमीचे चेहरे बसले होते. अभ्यास संपून दोन वर्षं झाली तरी बरेच जण येत राहिले होते. मॅडमनी आजींना आधी बोलावलं. आजींनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. आता त्यांच्या हातांची बोटं मुळापासून एका बाजूला कललेली होती, आणि पेला त्या दोन्ही तळहातांच्या मध्ये धरत.

"आज माझा नंबर आधी कसा?" आजी बसता बसता म्हणाल्या. "बाहेर कंडक्टर फुगून बसलाय. म्हणतो, इथेही वशिला लागतो."

"मला तुम्हाला जुनं काहीतरी विचारायचंय."

"विचारा. जुनंच लक्षात राहतं आता. सकाळचं विचाराल तर पंचाईत."

मॅडमनी वही उघडली नाही. "आपला तो अभ्यास चालला होता, त्याचे शेवटचे पाच महिने. मी आकडा विचारायचे. तुम्ही मला खरा सांगत होतात?"

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"दोन वर्षांनी चौकशी काढलीत होय," त्या म्हणाल्या. "कोण फुटलं? कंडक्टर?"

"कोणी नाही. आकडेच."

"बघा. आकडे सुद्धा चुगली करतात." आजी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी हात मांडीवर घेतले. "रागावू नका हं. ठरवून केलं होतं आम्ही. बाहेर बसल्या बसल्या ठरलं."

"काय ठरलं?"

"की बाईंना कमी सांगायचं. आठ असेल तर पाच. सहा असेल तर तीन. एकदम शून्य कोणी सांगायचं नाही, बाई हुशार आहेत. ते कंडक्टरने सांगितलं. तिकिटांचा माणूस, त्याला बरोबर कळतं किती खपेल ते."

"पण का?"

"तुमच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती," आजी म्हणाल्या. "पहिल्यांदा वाटलं, घाईत लावली असतील. दुसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी वेळेला तसंच. तिसऱ्यांदा कॉलर आत. मी आयुष्यभर माणसं कपड्यांवरून बघितली, बाई. म्हटलं, हिला निघताना सांगणारं माणूस घरात उरलेलं नाही."

 मॅडमचा हात गळ्यापाशी गेला होता. तो त्यांनी खाली घेतला.

"मी कोणालाही सांगितलं नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "या इमारतीत कोणालाच नाही."

"तेच तर. सांगितलं असतंत तर आम्ही येऊन बसलो असतो, दोन शब्द बोललो असतो. तुम्ही तर भिंतीसारख्या. मग आम्ही काय करायचं? तुम्ही विचारायचात, किती दुखतंय. आठ म्हटलं की तुम्ही मान हलवून लिहायचात, चेहरा अगदी कोरा. पण श्वास अडकायचा तुमचा. पाच म्हटलं की सुटायचा. एवढं तर कोणालाही दिसतं."

बाहेर कोणीतरी खोकलं. आजींनी आवाज खाली आणला.

"तुमचं काही नुकसान झालं का त्यानं?"

"त्या आकड्यांवर ही खोली टिकणार आहे, आजी. तुम्ही सांगितलेले आकडे ठेवले तर खोली राहते. काढले तर बहुतेक जाते."

"मग ठेवा की! आम्ही कुठे तक्रार करतोय?"

"खोटे आकडे कसे ठेवू?"

आजी विचारात पडल्या. त्यांनी एका हाताने दुसऱ्या हाताची कललेली बोटं सरळ केली. सोडताच ती पुन्हा कलली.

"तसं म्हणाल तर," त्या सावकाश म्हणाल्या, "पहिले दोन महिने निव्वळ थाप होती. मला आठच्या आठ दुखत होतं आणि मी पाच सांगून बाहेर जाऊन कण्हायचे. नंतरचं मला सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नंतर आमचं लक्षच तिकडे नसायचं. आल्या आल्या पहिलं काय, तर आज बाईंची बटणं कशी आहेत. ती पलीकडच्या गल्लीतली, चाकांच्या खुर्चीतून यायची ती, ती घरून निघताना मला फोन करायची. म्हणायची, आज आपण त्यांना हसवू. एक जण गमतीची गोष्ट पाठ करून यायचा, ती कशीबशी सांगायचा, निम्म्यात विसरायचा. घरी गेल्यावर लेक विचारायची, आई, आज गोळी नाही घेतलीस? तेव्हा आठवायचं. आता ते दुखणं कमी होतं की मी विसरले होते, देव जाणे. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा."

 मॅडमनी आजींना उठायला हात दिला. आजींनी तो कोपरापाशी धरला, बोटांनी त्यांना पकडता येत नसे.

"एक सांगू का?" आजी दारात थांबून म्हणाल्या. "आमच्यापैकी एकानेही जास्त नाही सांगितलं. माणसं मिरवतात हो दुखणं. पण नाही सांगितलं."

गुरुवारी विद्यार्थिनी वेळेआधी आली. मुलीला ताप होता आणि नवरा दुपारपर्यंतच घरी थांबणार होता. तिने उभ्या उभ्याच संगणक उघडला.

मॅडमनी तिला आजींचं बोलणं सांगितलं. बटणांचं सांगितलं नाही. रुग्णांनी ठरवून आकडे कमी केले, पहिले दोन महिने नक्की, पुढचे तीन त्यांचे त्यांनाच माहीत नाहीत, एवढंच सांगितलं.

"म्हणून माझ्या गटाचे ते पाच महिने काढायचे," त्या म्हणाल्या.

विद्यार्थिनीने आकडे फिरवून पाहिले. "मग सातावरून साडेसहा. डोळे बारीक केले तरच दिसतं."

"तेवढंच आहे."

"खोली जाईल, मॅडम."

"जाईल बहुतेक."

"पण पुढचे तीन महिने खरे असतील तर? खरंच कमी दुखत असेल तर?"

"असेलही. पण मग ते माझ्या समुपदेशनाने उतरलेलं नाही."

"मग कशाने?"

"ते आपण प्रश्नावलीत विचारलेलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

विद्यार्थिनी आता बसली. तिने खाली तळटीप उघडली आणि टाइप करू लागली. "कारण द्यावं लागेल. 'मुलाखतकाराशी संबंधित काही घटकांमुळे' असं लिहू? कोणी पुढे विचारत नाही."

"नको. नीट लिही."

"नीट म्हणजे?"

मॅडम खिडकीपाशी गेल्या. खाली आवारात कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी हातवारे करून त्याला दिशा दाखवत होतं.

"लिही, की हे पाच महिने सुरू होण्याच्या आदल्या महिन्यात मुलाखतकाराच्या पतीचा मृत्यू झाला होता. रुग्णांना ते कळवलेलं नव्हतं. तरी ते त्यांना कळलं होतं, आणि उत्तरांवर त्याचा परिणाम झाला." त्या थांबल्या. "सतरा तारीख. तारीखही घाल."

टाइप करण्याचा आवाज आला, मग थांबला. विद्यार्थिनी मुलाखतींची यादी वर सरकवत होती.

"सतरानंतरची तुमची पहिली मुलाखत बावीस तारखेची आहे."

"असेल."

"पाच दिवसांनी?"

"घरी बसून काय करणार होते?"

टेबलावर विद्यार्थिनीचा फोन वाजला. तिने पाहिलं, घरचाच होता. तिने तो उचलला, "अर्ध्या तासात निघते, पट्टी बदलत राहा," एवढं बोलून ठेवला, आणि पुन्हा मॅडमकडे वळली.

"तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं का, मॅडम? कसं आहे, किती... असं काही?"

मॅडम परत आल्या आणि तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पडद्यावर एकतीस बारीक रेषा शेवटच्या टोकाला एकदम खाली वाकल्या होत्या. एकसुद्धा मागे नव्हती.

"एकतीस जणांनी," त्या म्हणाल्या. आणि काही वेळाने, "वगळ आता."