कास्परच्या उशाचा शंख

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे. देवघरातला नव्हे, थडग्याच्या उशाचा. आमच्या बेटावर थडग्याभोवती शंख मांडायची रीत आहे, त्यामुळे चॅपलमागच्या टेकडीवर माझ्यासारखे पुष्कळ पडलेले आहेत. फरक एवढाच, की ते मुके आहेत आणि मला आवाज होता.

माझं बालपण समुद्राच्या तळाशी गेलं. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. वाळू होती, गवत होतं, आणि माझ्यात राहणारा जीव सावकाश सरकत होता. एके दिवशी कास्पर नावाच्या कोळ्याने बुडी मारून मला वर काढलं. आतल्या जीवाचं कालवण झालं. कास्परने माझं टोक करवतीने कापलं, कडा दगडावर घासली आणि तोंडाला लावून फुंकलं. तेव्हापासून मी कामाला लागलो.

काम सोपं होतं. मासे भरून परत येताना खाडीच्या तोंडाशी कास्पर मला वाजवायचा. आधी एक आखूड, मग एक लांब. ते ऐकलं की बायका घमेली घेऊन किनाऱ्यावर यायच्या. इतर कोळ्यांकडेही शंख होते, पण आखूड-लांब ही खूण फक्त कास्परची. त्याची बायको फेमी चुलीवरचं भांडं उतरवायची आणि हात पुसत दारात येऊन उभी राहायची. कास्परचा शंख टेकडीपलीकडे ऐकू जातो, असं लोक म्हणायचे. ही स्तुती मी जपून ठेवली आहे, कारण नंतर फारशी वाट्याला आली नाही.

एकदा शेजारच्या बेटावरून येताना कास्परने होडीत माझ्याजवळ दुधाचा रिकामा डबा ठेवला. डब्यात माती होती आणि मातीत एका वेलीचा कंद. तिकडच्या एका बंगल्याच्या फाटकावर त्याने ती वेल पाहिली होती आणि माळ्याला चार मासे देऊन फेमीसाठी मागून घेतली होती. तिचं नाव कोरालिता. फेमीने ती ओसरीच्या खांबाशी लावली. बघता बघता ओसरी गुलाबी झाली. येणारा-जाणारा थांबून बघायचा. कुणी कंदाचा तुकडा मागितला तर फेमी नाही म्हणायची नाही. लग्न निघालं की नवरीच्या डोक्यावर कोरालिता, माणूस गेलं की शवपेटीवर कोरालिता, असं हळूहळू होऊन बसलं. मी तिथेच खिळ्याला टांगलेला असायचो. समोर फुलं असली की शंखाकडे कोण बघतं?

कास्पर तापाने गेला. त्याच्या मुलाने मला मागितलं, तो होडी चालवणार होता. फेमी म्हणाली, "तो बापाचा आवाज आहे. बापापाशीच राहील." मग मी इथे आलो. बाजूने साधे शंख, उशाला मी आणि माझ्यामागे लाकडी क्रूस. दर रविवारी फेमी आपल्या ओसरीवरच्या फुलांचा हार करून आणायची. आधीचा वाळलेला हार काढायला तिचा हात धजायचा नाही. हारावर हार साठत गेले आणि त्यांतलं बी मातीत पडलं. पावसात माझ्या शेजारून एक कोंब वर आला. फेमी गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"आलास होय?" एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर कोरड्या दिवसांतही ती डबाभर पाणी घेऊन टेकडी चढायची आणि कोंबाला घालायची. तिला बरं वाटायचं. मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. वेल क्रूसावर चढली, क्रूसावरून चिंचेच्या झाडावर गेली आणि तिथून शेजारच्या थडग्यांवर उतरली. इतरांनीही आपापल्या माणसांवर असेच हार वाहिले होते, त्यांचेही कोंब आले आणि सगळे एकमेकांत मिसळले. एका वादळात चिंच पडली, क्रूस गेला, पण वेल राहिली. माझ्यावर पानांचं छप्पर झालं. माणसं कोयते घेऊन येत, वेल तोडत, कंद उपटत आणि खालच्या घळीत टाकत. घळीतलं पाणी पावसाळ्यात ते तुकडे गावभर घेऊन जाई आणि प्रत्येक तुकड्याची नवी वेल होई. शेळ्या पाला खात, कंदाला मात्र तोंड लावत नसत. वेलीला मी दोष देत नाही. ती वाढली. वेल दुसरं काय करणार?

कोयतेवाले माझ्या डोक्यावरच बोलायचे, म्हणून मला गावातलं सगळं कळायचं. दुकानाच्या पायरीवर एक टोमणा चालायचा: मिस फेमीने नवऱ्याला फुलं दिली आणि आपल्याला जंगल. (आमच्या बेटावर थोरल्या बाईला मानाने मिस म्हणतात.) फेमी म्हणे तिथे उभी राहून सगळ्यांबरोबर हसायची. पण टेकडीवर यायची ती थांबली. कास्पर खाली आणि मी वर, असे आम्ही अंधारात पडून राहिलो. तिची आठवण यायची. हे मी सहसा कबूल करत नाही.

मग एके दिवशी चॅपलचा कारभार बघणारा ऑल्विन वर येऊन मोजमापं घेऊ लागला. हाताने काही जमत नाही, तेव्हा यंत्र आणून सगळी माती कंदांसकट खरवडून काढायची असं ठरलं होतं. ज्यांच्यावर नाव कोरलेला दगड आहे ती थडगी सोडायची, बाकी जमीन सपाट. कास्परवर दगड नव्हता.

यंत्र यायच्या आदल्या दुपारी मला काठीची टकटक ऐकू आली. चाल बदलली होती, तरी ओळखली. फेमीबरोबर तिची नात डेलिया होती, हातात कोयता. मागे ऑल्विन. फेमीला मेल्यावर कास्परशेजारी झोपायचं होतं, आणि त्यासाठी आधी कास्पर सापडायला हवा होता.

"चिंचेखाली म्हणतेस," डेलिया म्हणाली, "पण आजी, इथे चिंच कुठाय?"

"वादळात गेली. तू नव्हतीस तेव्हा."

डेलियाने एका ठिकाणी तोडलं, मग दुसऱ्या ठिकाणी. दोन्हीकडे दुसऱ्याच कुणाची थडगी निघाली. तिच्या हातांना फोड आले. सगळीकडे सारखीच पानं आणि सारखीच फुलं, खूण म्हणून काही उरली नव्हती. उन्हं कलली तसा ऑल्विन चुळबुळू लागला.

"मिस फेमी, यंत्र उद्या सकाळी येणार. माझ्या हातात काही नाही."

"मग हात खिशात घाल आणि बाजूला हो. तुझी सावली पडते."

फेमी एका दगडावर टेकली. मला वाटलं, आता ही उठून घरी जाईल. मग ती म्हणाली, "डेलिया, पानं बघू नकोस. बुंधे बघ. सगळ्यात जाड बुंधा कुठला, ते शोध."

"कशाला?"

"या टेकडीवरची पहिली वेल माझी. उन्हाळ्यात पाणी फक्त तिलाच मिळालं. मीच घातलं ना. सगळ्यात जाड तीच असणार, आणि तिच्या मुळाशी तुझा आजोबा."

ऑल्विनने हात खिशातून काढले आणि तोही पाला बाजूला करू लागला. मनगटाएवढे बुंधे होते, पण मांडीएवढा एकच निघाला. तो माझ्या शेजारचा. कोयत्याने वरचं छप्पर फाडलं आणि इतक्या वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं.

मला उचलायला गेले तर मी हलेना. एक मूळ माझ्या तोंडातून शिरून कापलेल्या टोकातून बाहेर पडलं होतं. फेमीने दोन्हीकडून ते कापायला लावलं आणि आतला तुकडा काटकीने कोरून काढला. मला मांडीवर घेऊन फ्रॉकच्या घेराने पुसलं. माझा गुलाबी रंग केव्हाच गेला होता. ती रडत होती आणि पुसत होती. डेलियाने फुंकून पाहिलं, तर कोंबड्याला ठसका लागावा तसा आवाज आला.

"आजोबाने असा वाजवला असता तर होडीतले मासे परत समुद्रात गेले असते," फेमी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं आणि आमच्याभोवतीने फिरून गेलं. ऑल्विन स्वतः मध्ये उभा राहिला. टेकडी मोकळी झाली. पण आमच्या खालचा कंद पार कास्परपर्यंत गेला होता, आणि तो काढायचा तर थडगं उकरावं लागलं असतं. ते फेमीला नको होतं. म्हणजे टेकडीवर वेल उरली ती फक्त इथे. मग दर शुक्रवारी फेमी यायला लागली. कोंब उपटायची, पिशवीत भरायची, घरी नेऊन जाळायची. उपटता उपटता कास्परला गावातल्या बातम्या सांगायची, कधी त्याच्यावर चिडायची. कंद त्यानेच आणला होता ना, असं ऐकवायची. ते दिवस चांगले होते.

फेमी गेली तेव्हा गाव सवयीप्रमाणे गुलाबी हार घेऊन टेकडी चढलं. डेलिया दफनभूमीच्या फाटकात उभी होती. आजीचा निरोप तिने सगळ्यांना सांगितला: "माझ्यावर फुलं टाकू नका. उगवतील." काही जण हसले, काहींना राग आला. पण हार फाटकाबाहेर राहिले आणि संध्याकाळी जाळले गेले. फेमीभोवती नुसते शंख मांडले. मग डेलियाने मला उचललं. तिने बरीच तालीम केली असावी. आधी एक आखूड, मग एक लांब. खाली किनाऱ्यावर दोन म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, तुम्हाला कुणी प्रेमाने रोप दिलं तर जरूर घ्या. पण ते कुठवर जातं हे आधी विचारा, आणि एकदा लावलंत की पाठ फिरवू नका. गेल्या आठवड्यात फेमी आणि कास्परच्या मधोमध एक कोंब वर आला. डेलिया त्याच्यासमोर बसली. "आलीस होय?" ती म्हणाली, आणि तिने तो उपटून पिशवीत घातला.